प्रकल्प नोंदी : वृद्धाश्रमातल्या पोटांची वही

3 नोव्हेंबर 2025, सोमवार

काल कार्तिकी एकादशी झाली. सकाळी सहा वाजता औषधांच्या कपाटापुढे 11 जण उभे. मागणं सगळ्यांचं एकच, "सिस्टर, रात्री चूर्ण घेतलं पण झालं नाही. अजून एक चमचा द्या." काल दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, मधे वेफर्स आणि दिवसभर चहा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात चोथा जवळजवळ नाहीच. आतड्यांनी पुढे ढकलावं असं काही आत गेलंच नव्हतं.

31 वर्षं सरकारी रुग्णालयात वॉर्ड सांभाळले. निवृत्तीनंतर दोन वर्षं झाली, आठवड्यातले पाच दिवस वाईजवळच्या या वृद्धाश्रमात येते. इथे रक्तदाबाची वही आहे, साखरेची आहे, जखमांची आहे. पोटाची नाही. ती आजपासून घालते. डॉक्टर दर गुरुवारी येतात, त्यांना फोन केला. म्हणाले, तीन महिने करून बघा, पण मला विचारल्याशिवाय कुणाचं औषध बंद करायचं नाही. कबूल केलं.

मुक्कामी माणसं 26. आज्या 16, आजोबा 10. रोज चूर्ण किंवा गोळी घेणारे 17.

4 नोव्हेंबर

चूर्णाच्या डब्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. सोनामुखी आहे. म्हणजे रात्री घ्यायची आणि 6 ते 12 तासांत मोठ्या आतड्याला चिमटा काढून कामाला लावायची. अधूनमधून घेतली तर तक्रार नाही. सोनामुखीने आतडी कायमची निकामी होतात असं आम्हाला शिकवलं होतं, त्याला तेवढा भक्कम पुरावा नाही. पण इथे प्रमाण धरवत नाही. एक चमच्याचे दोन, दोनाचे तीन होतात, पातळ होऊन पाणी आणि क्षार निघून जातात, आणि त्यातल्या चौघांना रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू आहेत. पोटॅशियम खाली आलं की पाय गळतात, हृदयाचे ठोके बिघडतात. वॉर्डात पाहिलंय.

8 नंबरच्या आजी म्हणाल्या, "माझा कोठाच जड, जन्मापासून." पुढे विचारलं तर कळलं की सासर होतं तोवर, शेतावर जात होत्या तोवर, काही त्रास नव्हता. आठ वर्षांपूर्वी पडल्या, तिथून सुरू झालं.

7 नोव्हेंबर

शौचाचं वर्णन सगळे "झालं" आणि "नाही झालं" एवढ्यावरच संपवतात. त्याने काही कळत नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी 1997 साली छापलेला एक तक्ता आहे, सात चित्रांचा, जगभर वापरतात. तो पुठ्ठ्यावर काढून संडासाच्या दाराबाहेर लावला. सातचे आकडे कुणाच्या लक्षात राहीनात. मग आज्यांनीच नावं पाडली : लेंड्या, कणीस, केळं, पिठलं, ताक. सातांची पाच झाली, पण एवढ्यावर काम भागतं. लेंड्या आणि गाठीगाठींचं कणीस म्हणजे मळ आत फार वेळ राहिला, पाणी शोषलं गेलं. केळं म्हणजे उत्तम. पिठलं आणि ताक म्हणजे घाईने बाहेर आलं.

आता सकाळी विचारलं की "आज कणीस" असं सरळ उत्तर येतं. लाजणाऱ्या आजोबांचीसुद्धा भीड चेपली.

12 नोव्हेंबर

चूक झाली, नोंदवून ठेवते.

स्वयंपाकाच्या मावशी कणीक बारीक चाळणीने चाळतात, कोंडा शेजारच्या म्हशीला जातो. तो थांबवला. त्याच दिवशी दुपारी ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि कोबीची कोशिंबीर केली. कागदावर हिशेब छान होता. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू, म्हणजे चोथा, सांगते. आमच्या आधीच्या जेवणात माझ्या मोजणीने कसेबसे 14-15 ग्रॅम निघत होते. 100 ग्रॅम ज्वारीत 10 ग्रॅमच्या आसपास असतात, पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमसुद्धा नाहीत. मग एका दिवसात सगळी तूट भरून काढायला निघाले.

रात्री निम्म्या घराला गुबारा धरला. करपट ढेकर, पोटं टम्म, दोघी रडवेल्या. वर्षानुवर्षं टोस्ट आणि मऊ भातावर असलेल्या आतड्यांतल्या जिवाणूंना एवढा चोथा एकदम मिळाला की ते आंबवतात, वायू होतो. हे मला माहीत होतं, तरी घाई केली. ओव्याचं कोमट पाणी दिलं, हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायचा आग्रह होता तो करू दिला. दोन्हीने थोडा आराम पडला.

नियम : आठवड्याला एकच बदल. हा आठवडा फक्त धान्याचा : न चाळलेली कणीक, ज्वारी.

13 नोव्हेंबर, गुरुवार

दात मोजले. 26 पैकी 19 जणांना एकतर दात नाहीत किंवा कवळी टोचते म्हणून डबीत ठेवलेली. मग बिस्किटं आणि खारी खाणार नाहीत तर काय खाणार! भाकरी चावत नाही हे कुणी बोललं नाही, सगळ्यांनी मुकाट्याने ताटात ठेवली. मावशींनी मार्ग काढला. भाकरी न देता ज्वारीच्या कण्या, ताकात शिजवलेल्या. आणि भाकरी हवीच असेल तर आमटीत कुस्करून अर्धा तास भिजवलेला काला. 5 नंबरच्या आजी दोन वाट्या कण्या खाऊन म्हणाल्या, "आमच्या आईची आठवण झाली गं."

17 नोव्हेंबर

पाणी. मला वाटतं सगळ्या वहीत ही नोंद सगळ्यात महत्त्वाची.

चार दिवस प्रत्येकाला खुणा केलेली लिटरची बाटली दिली होती. बहुतेकांच्या पोटात चहा धरून 700 मिलीलिटरच्या वर पाणी जात नाही. "तहान लागत नाही" हे एक कारण, वयाने तहान खरंच मंदावते. पण 11 नंबरच्या आजींनी दार लोटून घेऊन खरं सांगितलं. रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून त्या दुपारनंतर घोटभरही पाणी पीत नाहीत. संडास व्हरांड्याच्या टोकाला, मधे दिवा नाही, गुडघे धरलेले, एकदा पडता पडता वाचल्या. मग मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. नऊ जणांचं उत्तर हेच.

इतकी वर्षं चूर्णाचे डबे आले आणि त्या व्हरांड्यात एक दिवा लागला नाही. फार वाईट वाटलं. व्यवस्थापकांना आजच सांगितलं : दोन दिवे, भिंतीला धरायला पाइप.

पाण्याची वेळ ठरवली. संध्याकाळी पाचच्या आत दीड लिटर, त्यानंतर तहानेपुरतं. हृदयाचा एक आणि मूत्रपिंडाची एक, अशा दोघांना डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलंय. त्यांच्या बाटलीवर लाल पट्टी. त्यांना हा नियम लागू नाही.

19 नोव्हेंबर

दिवे लागले. पाइप उद्या.

22 नोव्हेंबर, शनिवार

9 नंबरचे आजोबा, वय 82. तीन दिवस वहीत त्यांच्यापुढे "ताक, ताक, ताक" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. धोतर खराब होतंय, दिवसातून चार वेळा बदलावं लागतंय. मी जुलाब समजले, मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं. भेटायला आलेल्या नातेवाइकाने जुलाब थांबवायची गोळी दिली, तीही एक पोटात गेली.

आज अंघोळ घालताना पोटाच्या डाव्या बाजूला खाली हात लागला. दगडासारखं घट्ट. मागची पानं उलटली, तर त्याआधी 9 दिवस नुसती फुली, म्हणजे झालंच नाही. म्हणजे आत मळाचा खडा अडकलेला आणि त्याच्या कडेने पातळ पाझरत होतं. याला जुलाब समजून थांबवायची गोळी देणं म्हणजे दाराला आणखी एक कडी. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बोटाने तपासून खात्री केली, तेलाचा एनिमा दिला, काही भाग हाताने काढावा लागला. दोन दिवस लागतील म्हणाले. आजोबा एका शब्दाने कण्हले नाहीत, फक्त माझा हात घट्ट धरून होते.

वर्षानुवर्षं मी नव्या मुलींना हेच शिकवलं आहे की म्हाताऱ्या माणसाला अचानक पातळ होऊन कपडे खराब व्हायला लागले तर आधी अडकलेला मळ शोधा. इथे वही घालणारी मी, वहीतलं वाचलं नाही. आजपासून तीन फुल्या सलग आल्या की त्या ओळीवर लाल रेघ आणि त्याच दिवशी पोट तपासणं.

24 नोव्हेंबर

आजोबांना मोकळं झालं. सकाळी स्वतःहून पेज मागितली.

27 नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांबरोबर बसून सगळ्यांच्या गोळ्यांची यादी पाहिली. बद्धकोष्ठ करणारी औषधं : लोहाच्या गोळ्या 6 जणांना, कॅल्शियम 9 जणांना, रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन 7 जणांना, कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल दोघांना. 3 नंबरच्या आजी तर चारांतल्या तीन गोळ्या एकाच वेळी घेत होत्या आणि वर चूर्ण. डॉक्टरांनी दोन ठिकाणी गोळी बदलली, ट्रॅमाडॉल एकाची बंद केली. ज्यांचं तपासलेलं नव्हतं त्यांच्या थायरॉइडचं रक्त पाठवलं.

2 डिसेंबर

मोक्षदा एकादशी काल झाली. या वेळी मावशी आणि मी आधीच बसून फराळ ठरवला होता : वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा एकच वाटी, कारण एकादशीला खिचडी नाही म्हटल्यावर दोन आजोबा रुसून बसले असते आणि त्यांचंही खरं आहे, वर्षानुवर्षांच्या सवयी अशा ओढून काढता येत नाहीत. आज सकाळी कपाटापुढे 5 जण.

5 डिसेंबर

इसबगोल. आमच्याकडे येतं ते गुजरातेतल्या ऊंझ्याच्या बाजाराकडून, त्या भागात आणि राजस्थानात त्याची शेती आहे. बीवरचं हे पांढरं भुस पाणी धरून फुगतं, कडक मळ मऊ करतं आणि पातळ मळाला बांधतं, दोन्हीकडे चालतं. मला ते सोनामुखीपेक्षा कितीतरी पसंत. पण इथे लोक चमचाभर तोंडात टाकून वर दोन घोट पाणी पितात आणि आडवे होतात. हे धोक्याचं. अन्ननलिकेत फुगलं तर घास अडकतो, आतड्यात कोरडं बसलं तर उलट अडथळा होतो.

आमची रीत : संध्याकाळी साडेचारला, बसून, पेलाभर म्हणजे 240 मिलीलिटर पाण्यात एक चमचा, ढवळून लगेच प्यायचं, वर अर्धा पेला पाणी. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. 14 नंबरच्या आजोबांना पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागतो, त्यांना अजिबात नाही. पाणी मोजून पिणाऱ्या दोघांनाही नाही. 11 जणांना सुरू केलं.

7 नंबरचे आजोबा जुन्नरच्या डोंगरातले. लहानपणी बाळहिरडा गोळा करायला जायचे, कोवळी फळं वाळवून व्यापाऱ्याला द्यायचे. ते त्रिफळा सोडायला तयार नाहीत. हिरडा, बेहडा, आवळा. सौम्य आहे, त्यांना सोसतंय, डॉक्टरांची हरकत नाही. चालू ठेवलं. मात्र 12 नंबरच्या आजींनी एरंडेल मागितलं त्याला मी ठाम नाही म्हटलं. लहानपणी महिन्याला एकदा नाक दाबून पाजत असतील, पण आता हृदयाच्या गोळ्या चालू असताना ती कळ आणि तो पाण्याचा तोटा नको.

11 डिसेंबर, गुरुवार

आज प्रकल्पाबाहेरचं एक माणूस वहीत आलं. रात्रपाळीची मदतनीस, वय 26. आमच्याकडेच जेवते. उसळी वाढल्यापासून तिचं दुखणं वाढलं म्हणून शेवटी बोलली. दीड वर्ष झालं, सकाळी पोटात मुरडा येतो, तीनदा जावं लागतं, जाऊन आलं की बरं वाटतं. आव आहे असं समजून तिने दुकानातून आवेच्या गोळ्यांचे चार कोर्स घेतलेत, मळाची तपासणी एकदाही नाही.

डॉक्टरांनी विचारलं : रक्त पडतं का, वजन उतरलं का, झोपेतून उठून जावं लागतं का, ताप, घरात कुणाला आतड्याचा आजार? सगळ्याला नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, मळ तपासायला दिलं.

18 डिसेंबर

तिचे रिपोर्ट चांगले. डॉक्टर म्हणाले इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्याला जखम नाही, पण ते हळवं झालंय, मेंदू आणि आतडं यांच्यातला निरोप जास्त तीव्रतेने पोचतो. दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत, हे त्यांनी तिला दोनदा सांगितलं. मुलगी रडली. घरी सगळे नाटक समजत होते.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात बसवलेली एक आहारपद्धत आहे, लो-फॉडमॅप. पचायला अवघड अशा काही साखरा चार-सहा आठवडे कमी करायच्या, मग एकेक पदार्थ परत आणून कोणता सोसत नाही ते पाहायचं, आणि शेवटी फक्त तेवढाच टाळायचा. पहिल्याच पायरीवर वर्षभर थांबायचं नसतं. तिच्यासाठी याचा अर्थ : कांदा, लसूण, गहू, राजमा, चवळी, दूध तूर्त बंद. भात, ज्वारीची भाकरी, दुधी, गाजर, काकडी, पडवळ, थोडी मुगाची डाळ चालू.

सातारी स्वयंपाकात कांदा-लसूण नाही म्हणजे जेवणच नाही, मावशी हबकल्या. त्यात एक सोय आहे. लसणातली ती साखर पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणून तेलात लसूण अख्खा तळायचा, पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्या तेलात फोडणी करायची. वास राहतो, त्रास जातो. मावशींनी करून पाहिलं, वर हिंग घातला. आता इतरांनाही तीच आमटी आवडते.

म्हाताऱ्यांना ज्या चोथ्याने बरं वाटतंय त्यानेच हिला त्रास होत होता. एकाच पातेल्यातलं जेवण.

20 डिसेंबर

2 नंबरच्या आजींबद्दल मन स्वस्थ नाही. 71 वर्षं. पोट आता रोज साफ होतं, वहीत "केळं" आहे, पण मधेच पिठलं, आणि रक्त. "मूळव्याध आहे माझी, जुनी" असं म्हणतात. वर्षभर सगळं रक्त त्या मूळव्याधीवरच खपवलं गेलं. चोळी सैल झालीय. वजनाची वही काढली : सहा महिन्यांत 4 किलो उतरलंय. हिमोग्लोबिन 8.6. वयाच्या पन्नाशीनंतर सवय बदलली, रक्त दिसलं, वजन घटलं, पंडुरोग आला, तर कण्या आणि इसबगोल यांनी बघत बसायचं नसतं. डॉक्टरांना लगेच फोन. ते म्हणाले दुर्बिणीने तपासलंच पाहिजे. लेकीला कळवलं, ती सोमवारी पुण्याला नेईल.

29 डिसेंबर

गाठ आहे. लेकीचा फोन आला. पसरलेली दिसत नाही, जानेवारीत शस्त्रक्रिया.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. वही घातली नसती तर ही ओळ कुणी वाचली असती, असंही मनात आलं, आणि ही वही वर्षभर आधी का घातली नाही, असंही.

2 जानेवारी 2026

कमोडपुढे लाकडी पाट. 8 इंच उंच, घसरू नये म्हणून खाली रबर. गुडघ्यांमुळे सगळे कमोडवर बसतात, पण कमोडवर मांडी काटकोनात राहते आणि गुदाशयाचं वळण सरळ होत नाही, मग कुंथावं लागतं. पाय पाटावर ठेवले, कोपरं मांड्यांवर टेकली की उकिडवं बसल्यासारखंच होतं. सुतारकामाचे पैसे एका देणगीदाराने दिले. 

वेळही बदलली. पूर्वी सगळे पहाटे पाचला रिकाम्या पोटी जाऊन बसायचे, कुंथायचे. पोटात काही गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं. म्हणून आता आधी कोमट पाणी, चहा, न्याहारी, आणि मग पंधरा-वीस मिनिटांनी संडास. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं, बसून राहायचं नाही.

13 जानेवारी, भोगी

बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, आणि भोगीची भाजी : पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगं, घेवडा, बोरं, वर तिळाचं कूट. आपल्या थंडीतल्या या एका ताटात जेवढा चोथा आहे तेवढा आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला अख्ख्या दिवसात देत नव्हतो. दोन महिने हळूहळू चढवत आलो म्हणून आज ते सगळ्यांना सोसलं. दात नसलेल्यांची भाकरी लोण्यात कुस्करून दिली. बाकीच्यांना मनुका, साखरवाल्यांना त्याऐवजी जवसाची चटणी. मदतनीस मुलीला पावटा आणि घाटे बाजूला काढून.

15 जानेवारी, गुरुवार

यंदा संक्रांतीलाच षट्‌तिला एकादशी आली. तिळाचा लाडू आणि वरई. आज द्वादशी, कपाटापुढे दोघे.

वहीची बेरीज : रोज चूर्ण घेणारे 17 होते, आता 4. आणखी तिघांना डॉक्टरांनी लॅक्टुलोजचं, मळ मऊ करणारं, औषध लिहून दिलंय, त्यांना ते लागणारच. पार्किन्सनच्या आजोबांना कितीही कण्या दिल्या तरी पुरणार नाही. मदतनीसेने गहू परत आणून पाहिला, सोसला. कांद्याने दुसऱ्याच दिवशी मुरडा. लसूण अजून बाकी.

दुधाचं एक राहिलं. रात्री गरम दूध-तूप दोघांना मानवतं. 11 नंबरच्या आजींना मात्र दुधाने पोट फुगतं, ताकाने काही होत नाही. त्यांचं दूध बंद करून ताक दुप्पट केलं.

30 जानेवारी, शुक्रवार

2 नंबरच्या आजी आज परत आल्या. पोटावर उभा टाका, चेहरा उतरलेला, पण स्वतः चालत आल्या. गाठ पूर्ण निघाली, पुढची तपासणी तीन महिन्यांनी. शल्यविशारदांनी सहा आठवडे चोथा कमी, पचायला हलकं असं लिहून दिलंय, म्हणून त्यांच्या ताटात पुन्हा मऊ भात आणि वरण. मावशींना वेगळं पातेलं लावायला सांगितलं.

आजी व्हरांड्यातून जाताना पाइपाला धरून थांबल्या. वर दिव्याकडे बघत राहिल्या. 

उद्याचं काम : त्यांचं नवं पान आखायचं. 9 नंबरच्या आजोबांच्या ओळीत दोन फुल्या आहेत, सकाळी पोट तपासायचं.